हरिण नव्हतं त्या गोष्टींची वही

तुआतापेरे,
रविवार, १९ ऑक्टोबर २००८

ती. मर्डोकाकांस,
नायरीचा सा. न. वि. वि.

आधी सांगते, कुणी गेलेलं नाही. पाकीट बघून तुम्हाला आधी तेच वाटलं असेल म्हणून. फोन करणार होते, पण मागच्या वेळी मी बाबांच्या गुडघ्याचं सांगत होते आणि तुम्ही मला ओमारूचं हवामान सांगितलंत. त्यापेक्षा कागद बरा.

इकडे सगळं ठीक. बाबांच्या कोंबड्या अंडी देताहेत, बाबा लंगडत लंगडत दिवसभर त्यांच्यामागे असतात. मी अजून शाळेची बस चालवते. सोळा वर्षं त्या सीटवर बसून माझा आकार सीटसारखा झालाय, हे डॉक्टरीणबाईंनी जरा सभ्य शब्दांत सांगितलं. पोरं दोन्ही डनीडनला, नवरा कुठे आहे ते त्याच्या नव्या बायकोला ठाऊक. घरात मी, बाबा आणि टीव्ही.

आता खरी गोष्ट. ऑगस्टमध्ये सकाळी बससमोर एक हरिण आलं. मादी होती. रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे झाडीत निघून गेली. बसमधली पोरं केकाटत होती आणि मला काय वाटलं सांगू? बस तिथेच सोडावी आणि तिच्यामागे जावं. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला हे वाटावं! शेजारच्या हुआनाला सांगितलं तर ती हसली नाही. तुम्हाला हुआना आठवत नसेल, नवरा वारल्यावर ती एकटीच शिकारीला जाते आणि तिचा फ्रीजर आमच्या सगळ्या गल्लीला पुरतो. ती म्हणाली, की मग चल की, कुणी अडवलंय.

तर मी शिकतेय. सुरक्षेचा वर्ग केला, लेखी परीक्षा पास झाले (एक चूक, बंदूक घेऊन कुंपण कसं ओलांडायचं त्या प्रश्नात). आणि ऐका, एप्रिलात, नर माद्यांसाठी डुरकतात त्या दिवसांत, शिकारीला जायला सरकारी सोडतीत हुआनाची चिठ्ठी निघालीय. दहा दिवस, आणि जागा कुठली? मॅकाईचा नाला! तुमची आणि बाबांची जागा. बाबांचा पाय घसरून त्यांची स्वतःचीच बंदूक उडाली नसती तर तुम्ही दोघं अजून तिथेच असता, असं हुआना म्हणते.

परवान्यासाठी एका जवळच्या नातेवाइकाची हमी लागते. चौकशीच्या बाई घरी येतात आणि विचारतात, या बाईच्या हातात बंदूक द्यावी का. बाबांना विचारलं तर म्हणाले, की मर्डोला विचार, तो हो म्हणाला तर माझी ना नाही. आणि उठून कोंबड्यांकडे गेले. म्हणून तुम्हाला साकडं घालते आहे. पहिल्या हरणाची कलेजी शिकवणाऱ्याला द्यायची ही आजोबांची रीत मला माहीत आहे. तुम्हाला कांद्यासकट मिळेल.

पुतणीवर लोभ आहेच, आता जरा विश्वासही असावा.

आपली,
नायरी


ओमारू,
३० ऑक्टोबर २००८

चि. नायरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पहिल्यांदा हसलो. मग दोन दिवस जेवण गेलं नाही.

हमीचं म्हणशील तर नाही. निदान आत्ता नाही. कारण विचारू नकोस. तुझ्यात काही खोट आहे म्हणून नाही, एवढंच सांगतो.

पण शिकायचं असेल तर शिकवीन. तुझ्या बापाला, हेक्टरला, विचारू नकोस, त्याला त्रास देऊ नकोस, जे काय ते मला लिही. आणि मी सांगीन त्या क्रमाने करायचं, नाहीतर आत्ताच सांग, माझं तिकीट वाचेल.

रानात बंदूक न्यायची नाही. एक दुर्बीण घे आणि एक वही. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी रानाच्या कडेने चालायचं. मनात “हरिण!” असं आलं की थांबायचं, दुर्बिणीतून बघत राहायचं, ते खरं काय आहे ते कळेपर्यंत हलायचं नाही. मग वहीत लिहायचं: कुठे, किती वाजता, काय दिसलं, आणि ते काय निघालं. खरं हरिण निघालं तर लिहू नकोस. हरिण नव्हतं तेच लिही. तीस झाली की मला कळव. लपवाछपवी करू नकोस, हसायला मी इथे एकटाच आहे.

दुसरं, पाय. तुझ्या आकाराचं मला सांगू नकोस, डोंगराला सांग. पिशवीत दहा किलो बटाटे भर आणि हेक्टरच्या घरामागच्या टेकडीवर चढ. दर आठवड्याला दोन किलो वाढव. चढणं सगळ्यांना जमतं, गुडघे उतरताना बोंबलतात, म्हणून बटाटे वर टाकून यायचे नाहीत. तू लहानपणी अशीच होतीस, शाळेचं दप्तर पुलाखाली ठेवून यायचीस.

बूट आत्ताच घे, म्हणजे एप्रिलपर्यंत फोड येऊन जातील. ते पानाफुलांचं चित्र असलेले महागडे कपडे घेऊ नकोस. लोकरीचा सदरा, लोकरीची लांब चड्डी, वर हाफ पँट. ओली लोकर ऊब देते, ओलं सुती कापड माणसाला मारतं. काडेपेटी डब्यात, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या खिशात. भर पावसात ओल्या लाकडाखालीही त्या पेटतात.

हेक्टरला माझा नमस्कार सांग. नको, राहू दे.

तुझा,
मर्डोकाका


तुआतापेरे,
रविवार, ७ डिसेंबर २००८

ती. मर्डोकाकांस,
नायरीचा सा. न. वि. वि.

तीस नाही, एकतीस झाली. घ्या, हसा.

अकरा वेळा बुंधा. त्यातला एकच बुंधा तीन वेळा, आणि तिसऱ्या वेळी तर मी त्याला ओळखूनसुद्धा फसले. सहा वेळा नेचे, वाऱ्याने हलणारे. चार वेळा गाय, एकदा तीच गाय बसलेली. दोनदा हुआनाचा कुत्रा. एकदा खुद्द हुआना, झाडामागे बसलेली, कशाला ते लिहीत नाही. नंबर एकोणीसला तर मी शपथेवर सांगितलं असतं, मान, पाठ, शेपूट सगळं दिसलं होतं, आणि निघाला वाहून आलेला ओंडका. काका, मला वाटायचं डोळे बघतात आणि मन ऐकतं. इथे तर मन आधीच ठरवतं आणि डोळे त्याची री ओढतात! ही वही लिहिली नसती तर मला कधी कळलं नसतं.

नंबर सत्तावीस तुम्हाला आवडेल. मागच्या मंगळवारी, सात वाजता, सलगमांच्या शेतापलीकडे. तपकिरी पाठ, खाली वाकलेली, मधेच डोकं वर. दोन मिनिटं मी श्वास धरून बघत होते. बाबा होते, तुम्ही विणून घेतलेला तो जुना तपकिरी स्वेटर घालून, गवत उपटत! घरी येऊन मी पोट धरून हसत सांगितलं. बाबा हसले नाहीत. स्वेटर काढला, घडी केली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवला. बाबांना म्हातारपणी काय झालंय कळत नाही.

बटाटे वीस किलोवर आले. सुरुवातीला टेकडीच्या अर्ध्यावर मी आडवी पडून आकाश बघत असे. आता वर जाते, चहा पिते, खाली येते. सीटवर बसताना मधे जागा उरते. बसमधली पोरं म्हणतात, मिसेस, तुम्ही आक्रसलात.

हुआना नेमबाजी क्लबच्या मैदानात तिच्या बंदुकीने सराव करून घेते, स्वतः खांद्याशी उभी राहून. पन्नास मीटरवर कागदी ताटली. पहिल्या दिवशी मी ताटली सोडून सगळं फोडलं. हुआना म्हणाली, की तू आवाजाआधीच दचकतेस. मी म्हटलं, छे! तर तिने मला न सांगता रिकामी बंदूक हातात दिली. मी खटका दाबला आणि गोळी नसतानाही अशी उडाले, की मागचे चार म्हातारे खोकल्यासारखं करून हसले. आता रोज स्वयंपाकघरात रिकामी बंदूक, नळीवर नाणं ठेवून खटका दाबायचा, नाणं पडता कामा नये. बसून, गुडघ्यावर टेकून, पालथी पडून. परवा शंभर मीटरवर पाचांतल्या पाच ताटलीत.

आणि डुरकणं! नराला जवळ बोलवायला त्याच्यासारखा आवाज काढायचा असतो. दुकानातलं शिंग महाग, म्हणून मी व्हॅक्युम क्लीनरची नळी घेतलीय. परसात उभी राहून डुरकले तर पलीकडच्या मळ्यातला वळू कुंपणापाशी आला आणि तिथून हलेना. मळेवाला म्हणाला, की बाई, त्याला आशेला लावू नका.

काका, आता तरी हमी द्याल ना? फेब्रुवारीच्या आत कागद गेले नाहीत तर एप्रिल हातचा जातो. तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. अजून काय करू ते सांगा, पण नुसतं नाही म्हणू नका, मला वाईट वाटतं.

रागावला असाल तरी लोभ तसाच ठेवावा.

आपली,
नायरी


ओमारू,
१८ जानेवारी २००९

चि. नायरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ख्रिसमसच्या आधीच आलं. सत्ताविसाव्या नोंदीपर्यंत वाचलं आणि खाली ठेवलं. उरलेलं नववर्षाला वाचलं. उत्तराला उशीर झाला तो असा.

आधी कामाचं. वीस किलो पुरे. सुरी लहान घे, बोटभर पात्याची, मोठ्या सुऱ्या दुकानदाराच्या फायद्याच्या. नळी चांगली आहे, पण फार डुरकू नकोस. नर दोनदा बोलतो आणि बराच वेळ गप्प बसतो. सतत ओरडणारं जे असतं ते माणूस असतं.

आता तुझ्या हमीचं. कारण विचारू नकोस म्हटलं होतं, पण तू एवढे बटाटे वाहिलेस, तुला कारण द्यायला हवं.

हेक्टरचा पाय घसरला नव्हता. त्याची बंदूक उडाली नव्हती. गोळी माझी होती.

एप्रिल १९७१. आम्ही झोपडीतून सकाळी निघालो. ठरलेलं होतं, नाल्याच्या डावीकडे मी, उजवीकडे हेक्टर, नाला कुणी ओलांडायचा नाही. धुकं दाट. मी शिंगातून डुरकलो, समोरून उत्तर आलं. मी पुढे सरकलो, तेही पुढे आलं. अर्धा तास आम्ही एकमेकांना बोलावत होतो. अशी चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात होत नसेल, पोरी, दोन माणसं जनावराच्या आवाजात बोलतात आणि दोघांनाही शंका येत नाही. नेच्यांत तपकिरी पाठ हलली. तोंडाची वाफ दिसली. मी पूर्ण जनावर बघितलं नाही. मला बघायचंच नव्हतं, मला हरिण हवं होतं. मी गोळी झाडली आणि माणूस ओरडला.

धुक्यात माझी दिशा चुकली असणार, मीच नाला ओलांडून त्याच्या बाजूला गेलो असणार. नाल्याला तिथे दोन फाटे आहेत. मी हजार वेळा मनात तो नकाशा काढला, अजून नीट लागत नाही.

चार तास त्याला पाठीवर घेऊन रस्त्याला आणलं. पाठीवरून तो मला सांगत होता, की डॉक्टरला सांगायचं, माझा पाय घसरला आणि माझीच बंदूक उडाली. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, दादा, तू तुरुंगात गेलास तर मला पाठीवर घेऊन कोण जाणार? तेवढ्यातही त्याला चेष्टा सुचली. पुढे अडतीस वर्षं गावात सगळ्यांनी त्याला वेंधळा म्हटलं, आणि त्याने ऐकून घेतलं. मला ते ऐकवेना म्हणून मी ओमारूला आलो. बंदूक पुन्हा धरली नाही. हरणाचं मांस खाल्लं नाही.

तर असा माणूस तुझी हमी देणार? चौकशीच्या बाई मला विचारतील, हिच्या हातात बंदूक द्यावी का, आणि मी काय तोंडाने सांगू? आता तूच ठरव. दुसरं कुणी बघ, अजून वेळ आहे. मला लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

तुझा,
मर्डोकाका


तुआतापेरे,
१ फेब्रुवारी २००९

ती. मर्डोकाकांस,
नायरीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी डेपोत, रिकाम्या बसमध्ये बसून वाचलं. रडले. मग तुमचा भयंकर राग आला. मग बाबांचा आला. लहानपणी शाळेत पोरं लंगडून दाखवायची आणि मी मारामाऱ्या करायचे, ते सगळं आठवलं. घरी गेले तर बाबा ओट्याशी वाटाणे सोलत होते. मी शेजारी बसून सोलू लागले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि दोन शेंगा माझ्या बाजूला सरकवल्या.

हमी तुमचीच हवी. दुसरी मला नको. क्लबातल्या प्रत्येकाला वाटतं, की असलं माझ्या हातून होणारच नाही. तुम्हाला माहीत आहे कसं होतं. चौकशीच्या बाईंना तुम्ही जे वाटेल ते सांगा, पण बाई दारात आल्या तर दार उघडा.

मी तुम्हाला शब्द देते: जनावर पूर्ण दिसेपर्यंत माझ्या बंदुकीच्या नळीत गोळी जाणार नाही. मान, खांदा, कान, पाय. दहा दिवस काही दिसलं नाही तर हात हलवत परत येईन आणि तुमच्या नावाने मटण खाईन.

तुमच्यावरचा लोभ उतरलेला नाही, फक्त जरा ओला झालाय.

आपली,
नायरी


तुआतापेरे,
सोमवार, १३ एप्रिल २००९

ती. मर्डोकाकांस,
नायरीचा सा. न. वि. वि.

परवाना मिळाला ते तुम्हाला कळवलंच होतं. त्या बाईंनी मला सांगितलं, की तुमच्या काकांनी दोन तास बोलून मला तीन वेळा चहा पाजला आणि शेवटी म्हणाले, माझ्यापेक्षा तिच्या हातात बरी. काका, त्यासाठी जन्मभर तुमचे आभार.

काल रानातून परत आलो. हरिण नाही. पण जे झालं ते ऐका, आणि बसून वाचा.

गुरुवारी सकाळी हुआना वरच्या कड्यावर गेली आणि मी नाल्याच्या डावीकडे, म्हणजे तुमच्या बाजूला. बरोबर तीच बाजू मी मागून घेतली होती. धुकं होतं. मी नळीतून दोनदा डुरकले आणि गप्प बसले. खालून उत्तर आलं! मी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटांनी पुन्हा, आणखी जवळून. मी एका पडलेल्या झाडामागे पालथी झाले. मग नेच्यांच्या वर शिंगं दिसली. काका, शिंगं! खरी, काळपट, टोकं पांढरी, मी दहा टोकं मोजली. ती चालत माझ्याकडे येत होती. चाळीस मीटर. खाली तपकिरी काहीतरी हलत होतं.

आता शिंगांवर शंका कोण घेणार? वहीत एकतीस गोष्टी होत्या, एकीलाही अशी शिंगं नव्हती. माझा हात खिशातल्या गोळीवर गेला. मनात सगळं ठरूनसुद्धा गेलं होतं, हे नर हरिण आहे, माझं पहिलं. पण मी तुम्हाला शब्द दिला होता, म्हणून दुर्बीण उचलली आणि कान शोधायला लागले. शिंगं आहेत तर खाली कान हलायला पाहिजेत. कान नव्हते. मान नव्हती. मी थांबले. दुर्बीण डोळ्यांवरच ठेवली.

मग हरणाने बुटात चिखल गेला म्हणून एक सणसणीत शिवी हासडली.

सेल्विन नावाचा माणूस, गोर गावचा, तिशीतला. आदल्या दिवशी शेजारच्या खोऱ्यात नर मारलेला, त्याचं डोकं पाठीवर बांधून चाललेला, वर रंगीत कापड नाही, काही नाही. माझी नळी ऐकून त्याला आणखी एकाची हाव सुटली, म्हणून तोंडाने डुरकत डुरकत नाला ओलांडून माझ्या बाजूला आला. मी उभी राहून ओरडले. मी कुठून बोलतेय आणि तो कुठून येतोय हे त्याला कळलं तेव्हा तो मटकन खालीच बसला. त्याला चार वर्षांची मुलगी आहे. मला तेव्हा चारच वर्षं झाली होती, काका. मी त्याला माझा लाल स्वेटर त्या शिंगांना गुंडाळायला दिला, थर्मासमधला चहा दिला, आणि मग सोलून काढल्यासारखा झापला.

वहीत नंबर बत्तीस तोच आहे.

रात्रीच्या जेवणाला बाबांना सगळं सांगितलं. मला सगळं माहीत आहे, हेही सांगितलं. वाटलं होतं रागावतील. त्यांनी एकच विचारलं, की नाला कुणी ओलांडला होता, तू का त्याने? मी म्हटलं, त्याने. बाबा ताट तसंच टाकून उठले आणि शेडमध्ये जाऊन बसले. आज सकाळी तुमचा पत्ता मागितला, जसा काही तो त्यांना ठाऊकच नव्हता.

हरिण नाही मिळालं, तरी तुम्ही निराश होऊ नका. मी नाही झाले. मे महिन्यात हुआनाबरोबर माद्यांसाठी जाणार आहे.

लोभ नेहमीपेक्षा थोडा जास्त पाठवते आहे.

आपली,
नायरी


तुआतापेरे,
२४ मे २००९

ती. मर्डोदादास,
हेक्टरचा सा. न. वि. वि.

पत्ता एप्रिलात घेतला. पाच वेळा लिहायला बसलो. हे सहावं.

आधी पोरीचं. काल तिने मादी मारली. ऐंशी मीटर, उघड्या गवतात, पूर्ण जनावर, पायांसकट. एका गोळीत पडली. हुआना सांगत होती, की पोर दहा मिनिटं तिच्या मानेवर हात ठेवून बसली आणि मग बाह्या सरसावल्या. बत्तीस किलो पाठीवर घेऊन आली. बटाट्यांचा उपयोग झाला म्हणाली. कलेजी तुझी आहे, फ्रीजरमध्ये ठेवलीय. पार्सलने पाठवायची नाही असं ती म्हणते. खाणाऱ्याने यायचं.

आता माझं.

दादा, नाला तू ओलांडला नाहीस. मी ओलांडला. उजवीकडे एक नर होता, तो पाण्यात उतरून तुझ्या बाजूला गेला, आणि मी त्याच्यामागे गेलो. ठरलेलं मला आठवत होतं. पाच मिनिटांचं काम आहे म्हटलं. मग तुझं शिंग ऐकलं आणि मला वाटलं, तोच. तू तुझ्याच जागेवर होतास. तुझी दिशा चुकली नव्हती. मनातला नकाशा बरोबर आहे, तो आता काढणं बंद कर.

आणखी आहे. मीही बंदूक रोखली होती. तुझ्या टोपीखालचं तपकिरी मला दिसत होतं. गोळी नळीत, बोट खटक्यावर. मनात दोन आकडे मोजले होते, तिसऱ्याला दाबणार होतो. तू आधी दाबलीस. एवढाच आपल्या दोघांत फरक. तू धावत यायच्या आत मी माझ्या नळीतली गोळी काढली आणि शेवाळात दाबली. पायातून रक्त जात होतं आणि मी ते करत होतो. तू माझ्यापाशी येऊन रडत होतास, आणि मी काही बोललो नाही.

डॉक्टरला मी खोटं सांगितलं ते तुला वाचवायला, असं तू समजलास. सगळ्यात जास्त मला हे खुपलं. तू मला देवमाणूस करून टाकलंस. चौकशी झाली असती तर नाला कुणी ओलांडला हे निघालं असतं. गावाने मला वेंधळा म्हटलं ते मला स्वस्तात पडलं. तू ओमारूला गेलास तेव्हा स्टेशनवर सांगणार होतो. नंतर दर ख्रिसमसला सांगणार होतो. पोरीने विचारलं तेव्हा तुझ्याकडे पाठवली, म्हणजे तेही तुझ्याच माथी.

त्या दिवशी ती म्हणाली, शिंगं दिसली तरी मी थांबले. मी शेडमध्ये बसून म्हटलं, आपल्या दोघांना नुसता तपकिरी रंग पुरला.

तपकिरी स्वेटर तू दिलेला होता. तो मी परवा घातला, त्यावर लाल पट्टा शिवून.

शिव्या द्यायच्या असतील तर इथे येऊन दे. ऐकू मला चांगलं येतं, तुझंच बिघडलंय. लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो.

तुझा,
हेक्टर


ओमारू,
२ जून २००९

चि. नायरीस,
अनेक आशीर्वाद.

हेक्टरचं पत्र आलं. त्यात काय होतं ते तो तुला सांगेल, आणि नाही सांगितलं तर मी सांगीन, आमच्यात आता लपवायचं काही उरलं नाही. मी पत्र वाचलं आणि घराबाहेर जाऊन भाजीच्या वाफ्यात उभा राहून त्याला शिव्या घातल्या. शेजारीण खिडकीत आली. मग मला हसू आलं, आणि हसता हसता जे आलं ते तिने बघितलं नसावं. अडतीस वर्षं, पोरी. मी त्या नाल्याचा फाटा शोधत होतो आणि मूर्ख माणूस कोंबड्या पाळत होता.

मादीबद्दल शाबास. पूर्ण जनावर, उघडं गवत, एक गोळी. याहून जास्त मलाही कधी जमलं नाही. कातडं मीठ लावून ठेव, उन्हात टाकू नकोस.

पुढच्या गुरुवारच्या बसने इन्व्हरकार्गिलला येतोय. तू तुझी शाळेची बस घेऊन येऊ नकोस, गाडी आण, आणि हेक्टरला बरोबर आण. तो येत नाही म्हणाला तर सांग, की या वेळी मला पाठीवर घेऊन जायची त्याची पाळी आहे, माझे गुडघे गेलेत. कलेजी आदल्या दिवशी बाहेर काढ. कांदा जास्त, आणि लोणी सोडायला कंजूषपणा करू नकोस. शिंग माळ्यावर सापडलं, पुसून पिशवीत ठेवलंय, ते तुझं.

एक काम कर. ती वही घे. पहिल्या पानाच्या वर, तुझ्या पहिल्या बुंध्याच्या आधी, जागा असेल. नसेल तर एक पान चिकटव. त्यात माझ्या नावाने लिही: १४ एप्रिल १९७१, मॅकाईचा नाला, डावी बाजू, सकाळी सात. काय दिसलं: नेच्यांत तपकिरी पाठ. काय निघालं: हेक्टर.

आणि त्याखाली त्याच्या नावाने: तोच दिवस, तीच जागा, तीच वेळ. काय दिसलं: टोपीखाली तपकिरी. काय निघालं: मर्डो.

दोघांच्या सह्या मी आलो की करू.

तुझा,
मर्डोकाका